ऊन असलेला सेफ देश

मुलीचा फोन आला तेव्हा मी अंगणात उडीद पाखडत होते. हात भरलेले होते म्हणून सुनेनं फोन माझ्या कानाला लावून धरला. मुलगी म्हणाली, "आई, मले ऊन पाह्यजे."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मी सूप खाली ठेवलं. "काय पाह्यजे?"

"ऊन. इथी सूर्यच निघत नाई. अंधारात कामाले जाते, अंधारात परत येते. फेब्रुवारीत मले सुट्टी आहे. ऊन असलेल्या एखाद्या देशात जाऊ आपण. तू ये. तिकीट मी काढते."

तिचा आवाज बारीक झाला होता. हीच मुलगी लहानपणी वावरातून बोलली तर मला घरात ऐकू यायची.

"मंग घरीच ये ना," मी म्हणाले. "इथल्यापेक्षा जास्त ऊन कुठी आहे?"

 ती म्हणाली, "बाबानं बोलावलं का?"

मी सूप परत हातात घेतलं. सून दुसरीकडे पाहू लागली.

माझी मुलगी नर्स आहे. चंद्रपूरला शिकली, मग तिकडची भाषा शिकून जर्मनीत म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात कामाला लागली. जाण्याआधी तिची सोयरीक तिच्या आत्याच्या मुलाशी ठरली होती. आमच्यात असं लग्न चालतं, उलट आत्याचाच हक्क पहिला समजतात. साखरपुडा झाल्यावर मुलीनं नाही म्हटलं. का म्हटलं ते तिनं मला सांगितलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. तिची चूक नव्हती, एवढंच. पण नणंदेनं आमच्या घरी येणं सोडलं, आणि माझ्या मालकांना ती एकच बहीण. त्यांनी मुलीला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. म्हणाले, "जा. मी बोलावीन तेव्हा ये." ती गेली. त्यांनी बोलावलं नाही. आणि ती बापावरच गेलेली, बोलावल्याशिवाय यायची नाही.

म्हणून तिला घर सोडून तिसरा देश पाहिजे होता. तिथे ऊन असेल आणि आई असेल.

मी नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. माहेर आलापल्लीच्या बाजूला, सासर इकडे ताडोबाच्या कडेला, आणि मधला रस्ता, एवढंच माझं फिरणं. माझा स्वभाव असा की एसटीत माझा थांबा आला तरी कंडक्टरला हाक मारायला तोंड उघडत नाही. कितीदा पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले आहे. पासपोर्ट तेवढा मुलानं बहिणीच्या सांगण्यावरून काढून ठेवला होता. चौकशीला पोलीस आला तेव्हा त्यानं विचारलं, "बाई, कुठी चालल्या?" मला उत्तर देता आलं नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी मालकांना सांगितलं. त्यांनी भातावर वरण ओतून घेतलं.

"ऊन पाह्याले परदेशात? तिले म्हणा पत्ता दे, इथलं पोस्टानं पाठवतो."

सून हसली. मला हसू आलं नाही, कारण ते पुढे काय म्हणतात त्यावर सगळं होतं.

"कोण्या देशात?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाई."

त्यांनी पाण्याचा गडू उचलला, प्याले, खाली ठेवला. "देश सेफ असन तर जाय. सेफ नसन तर नाई."

मला तेव्हा बरंच वाटलं. 'नाही' तर म्हणाले नाहीत.

सुनेला फोनवरचं सगळं समजतं. मुलगा बल्लारपूरला कामाला असतो, रविवारी येतो, म्हणून फोन आणि आम्ही दोघी अशीच आमची संध्याकाळ असते. तिनं एक दिवस मला वाचून दाखवलं की तिकडे फार दिवस ऊन मिळालं नाही तर माणसाचं मन बसतं, झोप उडते किंवा नुसती झोपच येते, कोणाशी बोलू वाटत नाही. तिनं वाचणं थांबवलं आणि म्हणाली, "आई, ताईले एकटं ठेवून नाई चालत." ते मलाही कळत होतं. मुलगी आता फोनवर दोन-चार शब्दच बोलायची. एकदा म्हणाली, "नाई जमलं तर राहू दे आई. मी सुट्टी झोपून काढीन." त्या वाक्याची मला जास्त भीती वाटली.

मग देश पाहायला सुरुवात झाली.

पहिला थायलंड. सुनेनं फोटो दाखवले, निळं पाणी, पांढरी वाळू. मालकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि फोन परत दिला.

"तिथी माणसं कशाले जातात, मालूम आहे मले."

"मामाजी, आई कशाले जातीन तसल्या कामाले?" सून म्हणाली.

आमच्या तालुक्यात खताचे एक दुकानदार आहेत. कंपनीनं त्यांना बँकॉकला नेलं होतं. त्यांनी बायकोला सांगितलं, तिरुपतीला चाललो. परत येताना खरं वाटावं म्हणून नागपुरात मुंडण करून आले. तोवर बरोबरच्या माणसानं समुद्रावरचा फोटो ग्रुपवर टाकलेला होता, सगळ्या केसांसकट. ही गोष्ट सुनेनं परत सांगितली, आम्ही हसलो, मालकही मिशीत हसले. पण थायलंड गेला तो गेलाच.

दुबईला तिकडे नेलेल्या गोळ्यांवरून धरतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि मी बीपीची गोळी घेते. बालीत डोंगरातून आग निघते. मालदीव म्हणजे नुसतं पाणी, आणि मला पोहता येत नाही. प्रत्येक वेळी त्यांच्याजवळ काही तरी असायचं. ते खोटं बोलत नव्हते. दिवसा पानठेल्यावर विचारायचे, फोनवर पाहायचे, आणि संध्याकाळी जेवताना सांगायचे. सुनेनं नवीन नाव काढलं की माझा घास हातातच राहायचा. मी त्यांच्या तोंडाकडे पाहायची नाही. गडूकडे पाहायची. ते गडू उचलून पाणी प्याले की समजायचं, आता 'नाही' येणार.

मुलगी विचारायची, "कुठला ठरला?" मी म्हणायची, "पाहून राह्यलो." ती म्हणायची, "सुट्टी पुढं नाई ढकलता येत, आई. ही गेली तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत नाई."  फोन चालूच असायचा, आणि मला तिच्या खोलीतल्या घड्याळाचा आवाज यायचा.

शेवटी मुलगा एका रविवारी म्हणाला की घरी बसून काही ठरायचं नाही, चंद्रपूरला एजंटकडे जाऊ. मालक म्हणाले, "मीच जातो हिले घेऊन."

एजंटचं दुकान बाजारातच होतं. ते मुसलमान गृहस्थ, मुख्य काम लोकांना मक्केला नेण्याचं. अलीकडे फिरायला जाणाऱ्यांचंही करत होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि मला विचारलं, "काकू, तुम्हाले काय आवडते? समुद्र, का डोंगर?"

मी पदर नीट केला. मालक म्हणाले, "तिले काई नाई आवडत. सेफ पाह्यजे."

"मग काका, श्रीलंका घ्या. जवळ आहे, खाणं आपल्यासारखं, लोक सीधे." त्यांनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. "आणि हे पाहा, याच्यात जंगल सफारी फ्री आहे. हत्ती दिसते, नशीब असलं तर बिबट पण."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बिबट?"

"हाव, एकदम जवळून."

"भाऊ, आमच्या ढोरांच्या कोठ्याच्या मागं येते बिबट. मागच्या महिन्यात बकरी नेली. तुम्ही ते पैसे देऊन दाखवता?"

एजंट आधी गोंधळले, मग इतकं हसले की चहावाला वळून पाहू लागला. मालकही हसले. मी पण हसले असेन. पण हसता हसता मला कळलं की श्रीलंकाही गेली, आणि आता फारसं काही उरलं नाही.

हसणं थांबल्यावर एजंट म्हणाले, "मंग मॉरिशस. आफ्रिकेकडे आहे, बेट आहे. जनावर नाई, विषारी साप नाई. फेब्रुवारीत कडक ऊन. आणि काका, तिथी आपले मराठी लोक आहेत. लई जुन्या काळी उसाच्या कामाले गेले, तिथेच राह्यले. देवळं आहेत त्यांची."

"आणि भानगड काय आहे तिथली?" मालकांनी विचारलं.

एजंट प्रामाणिक होते. म्हणाले, "त्या दिवसात कधी कधी वादळ येते. पण सांगून येते. सरकार आधी सांगते."

मालक उठले. "सांगून आलं तरी येतेच ना."

बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला.  परत येताना गाडीवर मी त्यांच्या पाठीमागे बसले होते. त्यांच्या पाठीकडे पाहत मला पहिल्यांदा वाटलं की यांना देश शोधायचाच नाही.

घरी आलो तर वनरक्षक गावात सांगून गेला होता की नाल्याच्या बाजूला वाघीण आहे, तिच्यासोबत पिल्लं आहेत, वावरात एकटं जाऊ नका. धान कापून झाले होते, पण मळणीला मशीन मिळाली नव्हती, म्हणून पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांचे ढीग, वावरातच रचलेले होते. रानडुकरं येऊन ते विस्कटतात. दरवर्षी या दिवसात मालक दिवस मावळायच्या आत जेवण घेऊन वावरात जातात, माळ्यावर, म्हणजे मचाणावर, झोपतात आणि सकाळी येतात. आम्ही त्याला जागल म्हणतो.

पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा, एक गुराखी त्याच आठवड्यात रानातून परत आला नाही. तो सापडला तेव्हा मालक पाहायला गेले होते. आले, आंघोळ केली. संध्याकाळी डबा मागितला.

मी डबा दिला, बॅटरी दिली. त्यांनी काठी घेतली. ते उंबऱ्याच्या बाहेर पडेपर्यंत मी चुलीपाशी उभी होते. निघालेल्या माणसाला कुठे चालला, कसा जाशील, असं मागून विचारत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी कधी विचारलं नाही. किती हिवाळे गेले, एकदाही नाही. ते वळणावरून दिसेनासे झाले की मी भांडी घासायला घेते, आणि सकाळी सायकलचा आवाज येईपर्यंत माझा जीव घशात असतो. त्याला मी भीती म्हणत नव्हते. ते घरातलं एक काम होतं.

सकाळी ते आले. पुंजण्याभोवती वाघिणीच्या पावलांचे ठसे होते, असं सुनेला सांगत होते. मला सांगितलं नाही.

त्याच सकाळी मुलीचा फोन आला. मालक अंगणात बसून दात घासत होते. सुनेनं फोन भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे तोंडं दिसतात. मुलीचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, जेवली का, ती म्हणाली हो. खोटं होतं ते.

मग म्हणाली, "आई, बाबाले सेफ देश पाह्यजे म्हणून मी काल इथी पाहत होती. फिरायले जाणाऱ्या लोकांसाठी नकाशा असते. कोणत्या देशात कुठी बिनधास्त जा, कुठी जपून जा. त्याच्यात रंग देलेले असतात."

"मंग?"

"त्याच्यात आपलाच भाग रंगवलेला आहे, आई. गडचिरोली, आपलं चंद्रपूर. तुझं माहेर, आपलं गाव, सारंच. इथी जाऊ नका, असं लिवलं आहे."

ती हसण्याचा प्रयत्न करत होती. तिच्यामागे खिडकी होती आणि खिडकीत काळोख.

अंगणातून आवाज आला, "कोणं रंगवला?"

मुलगी एकदम थांबली. ती गेल्यापासून बापाचा आवाज तिनं ऐकला नव्हता. मी मान वळवली नाही. वळवली तर ते उठून जातील असं वाटलं.

"तिले विचार," मालक म्हणाले, "कोणं रंगवला ते."

ती भिंतीआडून दिसत नसलेल्या बापाला म्हणाली, "मले नाई माहीत बाबा. त्यांच्या सरकारनं."

"त्यांना म्हणा, इथी येऊन राहून पाहा. आमच्या रस्त्यानं हिवाळाभर गोऱ्या बाया उघड्या जिप्सीत बसून जातात, त्या काय येड्या आहेत?"

 थोड्या वेळानं तिचं तोंड पडद्यावरून गेलं. नेट गेलं की तिनं बंद केलं, ते कळलं नाही.

त्या नकाशाचा मालकांना फार राग आला. दिसेल त्याला सांगत सुटले. वनरक्षकालाही सांगितलं. वनरक्षक त्यांच्याच वयाचा, तंबाखू मळत म्हणाला, "भाऊ, मीच तर तुम्हाले सांगून गेलो, वावरात जाऊ नका म्हणून. तो रंग मीच देला समजा." सगळे हसले. मालक घरी आले आणि त्या दिवशी जेवताना त्यांनी कोणत्याही देशाची भानगड सांगितली नाही. पण जा असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. जागा भरत आहेत, आज सांगा, म्हणाले. फोन सुनेच्या हातात होता, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मालकांकडे. त्यांची निघायची वेळ झाली होती. ते खाटेवर बसून जोड्यांचे बंद बांधत होते.

"वादळाचं विचार," ते म्हणाले. "आणि विमानतळावर ही एकटी कशी राहीन ते विचार. सेफ आहे का विचार."

मी बोलले तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तुम्ही रोज संध्याकाळी निघता. मी कधी विचारलं का, सेफ आहे का म्हणून?"

त्यांनी बंद बांधणं थांबवलं.

"ते वेगळं आहे," ते म्हणाले. "ते आपलं वावर आहे."

"ते माह्यं लेकरू आहे."

सून फोन तसाच धरून उभी होती. फोनमधून एजंट "हॅलो, हॅलो" करत होते. मालक उठले, डबा उचलला. मला वाटलं, आता हा डबा ते आपटतील, किंवा काही तरी असं बोलतील की ते परत घेता येणार नाही. ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मंग जा ना. मले काऊन विचारता सारे? मले कोणं बोलावलं?"

आणि गेले.

 मी सुनेच्या हातून फोन घेतला. एजंटना मी एकच प्रश्न विचारला. कोणत्या देशात गेलं तर मुलगी माझ्या आधी पोचते? त्यांनी पाहून सांगितलं. बाकी ठिकाणी मी आधी पोचत होते आणि तिची वाट पाहत एकटी बसणार होते. मॉरिशसला तिचं विमान सकाळी पोचत होतं आणि माझं दुपारी.

"मंग तेच करा," मी म्हणाले.

पुढचे आठवडे मालक माझ्याशी कामापुरतं बोलले. मळणी झाली, धान घरी आले, जागल संपली. वाघीण पिल्लांना घेऊन आतल्या जंगलात गेली म्हणे. निघायच्या दिवशी मुलानं गाडी आणली. मालक सकाळीच धानामागून पेरलेल्या लाखोळीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, वावरात गेले होते. रस्त्यानं जाताना ते मला बांधावर उभे दिसले. गाडी थांबवावी असं वाटलं, पण मी मुलाला थांब म्हटलं नाही, आणि त्यांनीही हात केला नाही.

नागपूरपर्यंत मुलगा होता. मुंबईच्या विमानतळावर मी एकटी होते. मला ज्या दारापाशी बसायला सांगितलं होतं तिथे मी बसले. माझ्याभोवतीची माणसं एकेक करून उठून जाऊ लागली. मला वाटलं, चहाला जात असतील. मग कोणीच राहिलं नाही. भिंतीवरच्या अक्षरांत काही तरी बदललं होतं, पण ती अक्षरं इंग्रजी. समोर साफसफाई करणारी एक बाई होती. मला तिला हाक मारायची होती आणि एसटीत होतं तेच होत होतं.  डोळ्यांपुढे मला तिकडे मॉरिशसला काचेपाशी उभी असलेली मुलगी दिसत होती. मी आले नाही असं समजून ती परत वळलेली दिसत होती. मी उठून त्या बाईचा हात धरला आणि तिकीट तिच्यापुढे केलं.  तिनं तिकीट पाहिलं, झाडू भिंतीला लावला आणि म्हणाली, "चला पटकन, दार बदललंय तुमचं." आम्ही दोघी जवळजवळ पळत गेलो. दार बंद व्हायचंच होतं.

मॉरिशसला मी बाहेर आले तेव्हा मुलगी दिसली, पण मी तिच्यापुढून एकदा निघून गेले. ती इतकी वाळली होती. तिनंच मागून पदर धरला. रडली नाही. मीही रडले नाही. तिच्या तळहाताची कातडी, रोज किती वेळा धुऊन कोण जाणे, उन्हाळ्यातल्या धानाच्या बांधीसारखी फुटली होती.

पहिले दोन-तीन दिवस ती नुसती झोपली. सकाळी समुद्राच्या काठावर चादर टाकायची आणि उन्हात आडवी व्हायची. मी जवळ बसायची. सगळे लोक तिथे अर्धे कपडे घालून पडलेले असतात, माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, तरी मी लुगड्याच्या निऱ्या घट्ट धरून बसायची. ऊन फार चढलं की मला वाटायचं तिला उठवावं, सावलीत न्यावं, आमच्याकडे असं उन्हात कोणी पडत नाही, लागतं. पण ती त्यासाठीच आली होती. जेवायला उठवलं की थोडं खायची, परत झोपायची. घरी चल, असं म्हणायचं मी मनाशी ठरवून आले होते. रोज ते शब्द तोंडाशी यायचे. पण बोलावणं माझ्या हातात नव्हतं, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर मग विचारायलाही काही उरलं नसतं.

चौथ्या दिवशी तिच्या फोनवर सुनेचा फोन आला. मी उचलला तर पलीकडे सून नव्हती.

"पोचली नं नीट?" मालकांनी विचारलं. मी पोचून तीन दिवस झाले होते. त्यांना ते माहीत होतं.

"पोचली."

"वादळ वगैरे?"

"नाई."

 त्यांच्यामागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "बोलते का पोरगी?"

"झोपली आहे. उन्हात."

"हं. झोपू दे."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. समुद्राचा आवाज त्यांना जात असेल. 

मुलीनं डोळे न उघडता विचारलं, "कोण?"

"बाबा," मी म्हणाले.

ती काही वेळ तशीच पडून राहिली. तोंड उन्हाकडे, पापण्या मिटलेल्या. पलीकडे त्यांनी ते ऐकलं असणार, कारण त्यांचा श्वासही येईना. मग तिनं वाळूवरून हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात ठेवला. तिनं तो कानाला लावला. 

"बाबा," ती म्हणाली, "लाखोळी काढली का?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण ते लांबलचक होतं. ती ऐकत होती, मधून मधून "हाव" म्हणत होती, आणि एकदा म्हणाली, "मंग हरभऱ्याचं काय केलं?"